ढळत्या ताऱ्यांची मोजदाद

२७ मार्च २०२५ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने ‘गाया’ हे यान कायमचे बंद केले आणि संपूर्ण आकाशातील ताऱ्यांच्या गती मोजणारी अवकाशातील एकमेव वेधशाळा संपुष्टात आली. यानाची दिशा राखणारा वायू संपत आला होता हे खरे. पण त्याची जागा घेणारे यान उभे राहिले नाही, याचा दोष वायूवर टाकता येत नाही.

ताऱ्यांचे उगवणे-मावळणे, ऋतूंनुसार नक्षत्रे बदलणे आणि पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेत असल्याने संपातबिंदू मागे सरकणे, म्हणजे परांचन, ज्याच्या आधारे लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ या ग्रंथात वेदकालाचा विचार केला, या तिन्ही गती पृथ्वीच्या आहेत, ताऱ्यांच्या नव्हेत. ताऱ्याचे स्वतःचे, दृष्टिरेषेला आडवे सरकणे, म्हणजे निजगती, १७१८ मध्ये एडमंड हॅली यांच्या ध्यानात आले. स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तारे प्राचीन ग्रीकांनी नोंदलेल्या जागी राहिले नव्हते. स्वाती दरवर्षी सुमारे २.३ विकला सरकतो, आणि विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग असल्याने हा फरक डोळ्यांना जाणवायला शतके लागतात.

पुढची दोन शतके सूच्या करण्यात व त्या दुरुस्त करण्यात गेली, आणि त्यांचा तपशील कंटाळवाणा आहे. मात्र १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या आकाशाच्या छायाचित्रण-प्रकल्पाची, ज्यात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही आपला पट्टा मोजून दिला, नंतर जी हेटाळणी झाली ती विसरण्याजोगी नाही. ताऱ्यांच्या वर्णपटांत रमलेल्यांनी या मोजणीला कारकुनी ठरवले; परंतु निजगती काढायला दूरदूरच्या काळांतील दोन स्थाने लागतात, म्हणून २००० मध्ये ‘टायको-२’ सूचीतील सुमारे २५ लाख ताऱ्यांसाठी त्याच प्रकल्पाच्या जुन्या काचफलकांवरील मोजमापे कामी आली.

१९८९ मध्ये सोडलेल्या ‘हिपार्कस’ या यानाने १ लाख १८ हजार ताऱ्यांची सूची दिली, पण कृत्तिका सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर असल्याचे सांगून वादही ओढवून घेतला. तो वाद मिटवला ‘गाया’च्या दशकाने, आणि उत्तर ४४० प्रकाशवर्षांच्या आसपास आले.

‘गाया’च्या मोजणीची जुलै २०१४ ते जानेवारी २०२५ ही वर्षे मात्र रेंगाळण्याजोगीच. संथपणे स्वतःभोवती फिरणाऱ्या या यानाने तोच तारा पुन्हापुन्हा टिपला. पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरणाऱ्या निरीक्षकाला तारा सरळ न जाता नागमोडी जाताना दिसतो. त्यातील वार्षिक हेलकावा म्हणजे पराशय, ज्यावरून अंतर कळते, आणि हेलकावा वगळून उरणारी सरळ वाट म्हणजे निजगती. अंतर आणि निजगती यांवरून आडवा वेग निघतो, वर्णरेषांच्या सरकण्यावरून जवळ येण्याचा वा दूर जाण्याचा वेग निघतो, आणि दोन्ही जोडल्यावरच ताऱ्याचा अवकाशातील खरा प्रवास उमगतो. सप्तर्षींतील मधले पाच तारे एकत्र चालले आहेत व क्रतू आणि मरीची वेगळ्या वाटांनी जात आहेत, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. २०१८ मध्ये मात्र ‘गाया’च्या सूचीमुळे तसे नाते अब्जावधी ताऱ्यांमध्ये शोधता येऊ लागले. त्याच वर्षी, सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचे तारे त्यांच्या उलट्यासुलट्या गतींवरून ओळखले गेले. ज्या मोजणीला कारकुनी म्हटले गेले, तिनेच आकाशगंगेचा इतिहास लिहायला घेतला, हे हेटाळणी करणाऱ्यांच्या वारसांनी उघडपणे मान्य केल्याचे फारसे दिसत नाही.

अशी सूची जुनी होते, ही खरी अडचण आहे. निजगतीतील चूक दरवर्षी स्थानात साचत जाते. २०२२ च्या सूचीत अतिमंद ताऱ्यांच्या निजगतीतील अनिश्चितता वर्षाला सुमारे अर्धा सहस्रांश विकला आहे, म्हणजे वीस वर्षांत त्यांची स्थाने दहा सहस्रांश विकलांपर्यंत संशयास्पद होतील. डिसेंबर २०२६ मध्ये नियोजित असलेल्या चौथ्या सूचीने हा आकडा कमी होईल, पण वाढ थांबणार नाही. धुळीपलीकडचे तारेही मोजू शकणाऱ्या अवरक्त यानाचा प्रस्ताव मांडला गेला आहे. त्याला अजून मंजुरी मिळालेली नाही.