बागखात्याचे प्रगतिपुस्तक

दिवाळीचा फराळ आणि सहामाहीचे प्रगतिपुस्तक या दोन गोष्टी आमच्या घरात बहुधा एकदमच येतात. यंदाही तसेच झाले. चकलीचा घाणा उतरवता उतरवता मी नातवाचे प्रगतिपुस्तक पाहिले. गणित चांगले, मराठी बरे, आणि शेवटच्या रकान्यात त्याच्या बाईंनी लिहिले होते, 'मैदानावर अधिक खेळावे.' मी ते मोठ्याने वाचताच तो चटकन् म्हणाला, "कुठल्या मैदानावर, आजी?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घर घेतले तेव्हा बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात हिरवीगार बाग होती, घसरगुंडी होती, बाकावर बसलेले एक प्रसन्न आजोबासुद्धा होते. आम्ही राहायला आलो, तो त्या जागी पांढरे पट्टे ओढून मोटारींच्या जागा आखलेल्या! चार दिवस सगळे चरफडलो. मग एकेकाने मोटार घेतली आणि तिथेच उभी केली. खोटे कशाला बोलू, त्यांत आमचीही एक आहे.

त्या दिवशी मनात आले, मुलांना दर सहा महिन्यांनी गुण मिळतात, मग आपल्या पिंपरी-चिंचवडच्या बागखात्याला का मिळू नयेत? शहराने आपल्यापुढे काही उद्दिष्टे ठेवली आहेत. ती कुठवर आली, हे एकदा नीट पाहावे म्हणून वही-पेन्सिल घेऊन बसले. त्या वहीतलीच ही काही पाने.

झाडांच्या नावाची गावे

आमच्या गावांची नावेच पाहा. चिंचवड म्हणजे चिंच आणि वड. पिंपरी हे नाव पिंपरीच्या झाडावरून पडले असे जुनी माणसे सांगतात. पिंपळे गुरव, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर या तिन्ही पिंपळ्यांत पिंपळ आहे. निगडी म्हणजे तर आपली औषधी निरगुडी. ज्या गावांनी आपली ओळख झाडांकडून घेतली, त्या गावांत आज झाड लावायला खाते नेमावे लागते, हा काळाचा महिमा!

आमचे मामंजी पेनिसिलिनच्या कारखान्यात नोकरीला लागले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची. त्या वेळी पिंपरी म्हणजे माळरान, ज्वारी-बाजरीची शेते आणि मुंबई-पुणे रस्ता. कारखान्याने आपल्या वसाहतीत झाडे लावली आणि ती पुढे इतकी वाढली की वसाहतीत शिरताच ऊन मागे राही. टेल्कोच्या कारखान्याची कथाही अशीच. सुमंत मूळगावकरांनी त्या ओसाड जागेवर झाडे लावून घेतली, तळे करवून घेतले, आणि पुढे त्या तळ्यावर परदेशी पाहुणे पक्षी उतरू लागले. लोखंडाचे काम करणाऱ्या माणसाला सावलीची किंमत कळते, हे त्यांनी जाणले होते.

म्हणजे या शहराच्या पहिल्या बागा कारखान्यांनी केल्या. नगरपालिका आली १९७० साली. कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली निघाले आणि निगडीच्या बाजूला रुंद रस्त्यांचे, मधून मधून मोकळ्या जागा सोडलेले नगर उभे राहिले. १९८२ साली महानगरपालिका झाली. १९९७ मध्ये आसपासची अठरा गावे तिच्यात आली, आणि बागखात्याचे अंगण एकाएकी कितीतरी मोठे झाले.

खाणीची झाली बाग

गुण देताना आधी चांगले ते सांगावे, असे आमचे गुरुजी म्हणत. तेव्हा तेच आधी सांगते.

निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे सहाला एकदा जाऊन पाहा. कानटोप्या घातलेले सेवानिवृत्त कामगार, पदर खोचून भराभरा चालणाऱ्या गृहिणी, 'हा हा हा' करून हसणारी हास्यमंडळी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर दाट झाडी. ज्यांनी जन्मभर भोंग्याच्या वेळा पाळल्या, ती माणसे इथे भोंग्याशिवाय वेळेवर येतात. आमच्या 'ह्यां'ची हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर शेवटी लिहिले, 'रोज पाऊण तास चालणे.' ते औषध दुकानात मिळत नाही. ते या टेकडीवर मिळाले.

संभाजीनगरातली बर्ड व्हॅली पाहा. तिथे पूर्वी दगडाची खाण होती. घरांना दगड लागला तो नेला आणि मागे खड्डा राहिला. असे खड्डे बहुधा कचऱ्याने भरतात. इथे मात्र पाणी राखले, काठाने झाडी केली आणि खाणीचे उद्यान झाले. पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानाला मुले 'डायनोसॉरची बाग' म्हणतात. भक्ती-शक्ती उद्यानात शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचे शिल्प आहे, आणि तिथेच २०१८ सालच्या प्रजासत्ताकदिनी १०७ मीटर उंचीच्या स्तंभावर तिरंगा चढला. थोरांपोरांची मिळून शहरात पावणेदोनशेहून अधिक उद्याने आहेत. १९७० साली जिथे चार खेडी होती, तिथे हे काम लहान नव्हे.

पण सगळीच पाने सुवाच्य नाहीत. सर्पोद्यान म्हणून सुरू झालेले बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय मुलांचे केवढे आवडते! नूतनीकरणासाठी ते बंद झाले आणि कित्येक वर्षे बंदच राहिले. जी मुले तिसरीत होती ती तोवर मिसरूड फुटलेली झाली. बालपण काही नूतनीकरण संपण्याची वाट पाहत थांबत नाही.

एक साधे त्रैराशिक

आता गणिताकडे वळू. शहरांच्या आखणीसाठी केंद्र सरकारने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. दहा चौरस मीटर म्हणजे आपल्या घरातली एक बेताची खोली. मागणी काही अवास्तव नाही.

२०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाख २७ हजारांवर होती. प्रत्येकाला एक खोलीभर जागा द्यायची म्हटली, तर सव्वासतरा चौरस किलोमीटर जागा लागते. अख्ख्या शहराचे क्षेत्रफळ सुमारे १८१ चौरस किलोमीटर. म्हणजे शहराचा जवळजवळ दहावा हिस्सा हिरवा आणि मोकळा हवा. आणि हा हिशेब २०११ च्या वस्तीचा! त्यानंतर वाकड, रावेत, मोशी, चऱ्होली या बाजूंना किती मजले चढले ते आपण पाहतोच आहोत. माणसे मजल्यावर मजला चढवून राहू शकतात, पण बागेवर बाग चढवता येत नाही.

जागा मिळवण्याची रीत कायद्याने ठरलेली आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी जागा राखून ठेवतात. राखून ठेवणे म्हणजे ताब्यात येणे नव्हे. ती विकत घ्यावी लागते, किंवा मालकाला पैशाऐवजी दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क द्यावा लागतो. दहा वर्षांत हे झाले नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण उठते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. त्याची जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? पण नकाशावर हिरवा रंग दिला की बाग झाली, असे समजून आपण स्वस्थ बसतो आणि तो रंग हळूच उडून जातो. म्हणून बागखात्याचे पहिले काम झाडे लावण्याचे नसून दहा वर्षांच्या आत जागा हाती घेण्याचे आहे.

बागेपर्यंत पोचायचे कसे?

शहराने २०३० सालापर्यंत देशातले राहण्यास उत्तम शहर व्हायचे, असे ध्येय ठरवले आहे. त्या वाटेवरची एक नवी योजना म्हणजे 'हरित सेतू'. नाव ऐकून मला वाटले, कुठेतरी पूल बांधणार असतील! पण कल्पना निराळी आहे आणि बाईमाणसाला ती पटकन् पटेल. नुसती बाग असून भागत नाही, घरापासून तिच्यापर्यंत सावलीची, निर्धोक वाट हवी. पदपथ आणि सायकलीचे मार्ग यांनी बागा, शाळा, बाजार एकमेकांना जोडायचे, अशी ही योजना. तिची सुरुवात निगडी प्राधिकरणाच्या भागातून झाली. या आणि टेल्को रस्त्याच्या कामासाठी महापालिकेने जून २०२५ मध्ये २०० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले, आणि मागितले त्याच्या कितीतरी पट पैसे द्यायला लोक पुढे आले.

ऋण काढून सण करू नये, ही आपल्या आज्यांची शिकवण. पण झाडाचे पदपथ हा सण नव्हे, ही घराची दुरुस्ती आहे. मात्र कर्जाचे व्याज झाड उगवो न उगवो द्यावेच लागते, हे खात्याने फडताळावर लिहून ठेवावे.

कारण झाड लावणे सोपे, जगवणे अवघड. रोपाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागते. इथे तर नोव्हेंबर २०१९ पासून माणसांनाच एक दिवसाआड पाणी मिळू लागले. आमच्या घरी पिंपे भरून ठेवण्याची सवय तेव्हापासूनची. पवनेचे पिण्याचे पाणी हिरवळीवर ओतायचे की काय? तेव्हा शुद्ध केलेले सांडपाणीच बागांना द्यावे, आणि पाणी पिणाऱ्या परदेशी हिरवळीपेक्षा कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण अशी आपली काटक झाडे लावावीत, यातच शहाणपण आहे. जुनी झाडे राखावीत हे तर त्याहून मोठे शहाणपण. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हटले गेले, आणि झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरले. पन्नास रोपे लावता येतील हो! पण त्यांची पन्नास वर्षांची सावली कुठून आणायची?

आणि नदीकाठ? जुलै २०२४ मध्ये सांगवी, पिंपळे गुरवच्या खालच्या भागांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांना कळायचे त्यांना कळले. नदीकाठची मोकळी जागा ही रिकामी जागा नसते. पावसाळ्यात ती नदीची पसरायची जागा असते, आणि आठ महिने आपली फिरायची.

चाकणचा पोर कुठे बसतो?

आमची भाचेसून चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिला भेटायला गेले असता संध्याकाळी पाहिले, पाळी सुटल्यावर विशीतली पोरे दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली. एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. घर दूर विदर्भात, नाहीतर बिहारात. बसायला ना बाक, ना झाडाचा पार. पिंपरी-चिंचवडची हद्द संपते तिथे तिचे बागखातेही संपते. कारखाने मात्र हद्द ओलांडून पुढे गेले. सत्तर वर्षांपूर्वी पेनिसिलिनच्या कारखान्याने कामगारांसाठी झाडे लावली, ती रीत चाकणपर्यंत पोचता पोचता कुठे हरवली? मोकळे मैदान नसले की तरुण माणूस जाईल कुठे, याचा विचार आया-बापांनी तरी करावा.

सेसिल कोनाइननडाइक नावाच्या एका डच वनशास्त्रज्ञांनी २०२१ साली एक सुटसुटीत कसोटी सांगितली. घरातून तीन तरी झाडे दिसावीत, वस्तीवर तीस टक्के झाडांची सावली असावी, आणि तीनशे मीटरच्या आत बाग असावी. तीन, तीस, तीनशे. ही कसोटी कोणालाही लावता येते. मी आमच्या गॅलरीतून मोजले. झाडे दोन, त्यांतले एक शेजाऱ्यांच्या कुंडीतले. बाग तीनशे मीटरवर आहे खरी, पण मध्ये असा रस्ता आहे की तो ओलांडताना 'ह्यां'ना मी हात धरून नेते.

शेरा

तर माझ्या वहीतले प्रगतिपुस्तक असे. बागा उभारणे: चांगले. ओसाड जागेचे सोने करणे: फार चांगले. राखीव जागा वेळेत ताब्यात घेणे: अधिक परिश्रम हवेत. लावलेली झाडे जगवणे: नियमितपणा हवा. बागेची वाट: सुरुवात आशादायक. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि संध्याकाळी पुरेसा दिवा: याकडे विशेष लक्ष द्यावे.

हे सगळे लिहून झाले आणि नातवाने वही ओढून घेतली. खालून वरपर्यंत वाचली आणि विचारले, "आणि आपल्या सोसायटीला किती गुण, आजी?"

पोराने बरोबर नाडी पकडली. दुसऱ्याला गुण देणे सोपे असते. नियमाप्रमाणे मोठ्या वसाहतीत मोकळी जागा सोडावीच लागते. ती सुटली होतीच. तिच्यावर मोटारी आम्ही लावल्या होत्या, महापालिकेने नव्हे.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री सोसायटीची सभा होती. 'ह्यां'नी उभे राहून सांगितले की रोज संध्याकाळी पाच ते सात अर्धी जागा मुलांना मोकळी करावी. बरीच गरमागरमी झाली. एकजण म्हणाले, मग मोटारी काय डोक्यावर घ्यायच्या? शेवटी 'फक्त रविवारी करून पाहू' एवढ्यावर तडजोड झाली.

लक्ष्मीपूजन झाल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी, पाचाला दहा मिनिटे असताना, आमची मोटार सर्वांत आधी रस्त्यावर काढली. मग हळूहळू आणखी सात निघाल्या. पांढऱ्या पट्ट्यांवरच पोरांनी विटांचे यष्टी मांडले. पहिलाच चेंडू तळमजल्यावरच्या जोशीबाईंच्या तुळशीला लागला, आणि त्या रागवायला म्हणून बाहेर आल्या त्या खेळ पाहत तिथेच उभ्या राहिल्या.