गरम पाण्याचा खर्च : बादलीमागे किती पैसे?

माल खरेदी करताना आपला व्यापारी किलोमागे रुपयाची घासाघीस करतो. कारागीर सुताचा, लाकडाचा, मजुरीचा हिशेब वहीत ठेवतो. पण घरात रोज फजरच्या आधीपासून जे पाणी तापते, त्याची नोंद कोणाच्याच वहीत नसते. थंडीत विजेचे बिल फुगून आले की मग घरात वाद सुरू होतो. तेव्हा वाचक बंधूंनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. थंडीतले पाणी २० अंशांचे आणि अंघोळीचे ४२ अंशांचे धरले, तर २० लिटरच्या बादलीला ४४० किलोकॅलरी, म्हणजे साधारण अर्धे युनिट लागते. सहा माणसांच्या घरात रोज तीन युनिटे झाली. गीझरच्या टाकीतून आणि नळीतून वाया जाणारी उष्णता मिळवून साडेतीन धरा. महिन्याला ही सुमारे १०५ युनिटे होतात.

आता दर कोणता लावायचा? इथेच पुष्कळांची गफलत होते. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिल्या १०० युनिटांपेक्षा पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा असतो. दिवे, पंखे, फ्रीज यांतच पहिला टप्पा संपत असेल, तर गीझरचे प्रत्येक युनिट चढ्या दराने पडते. म्हणून बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून सरासरी काढू नये. वरच्या टप्प्याचा दर, त्यावरचा वहन आकार आणि वीज शुल्क एकत्र करून पाहावे. हे सारे मिळून १० रुपये युनिट धरले, तर महिन्याला १,०५० रुपये फक्त अंघोळीच्या पाण्याचे झाले.

गॅसचे काय? १४.२ किलोच्या सिलिंडरवर, शेगडीवर पातेले ठेवून, अशा सुमारे २१० बादल्या तापतात. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर बादलीला सव्वाचार रुपये पडतात. १० रुपये युनिटाच्या विजेने पाच रुपये पडतात. म्हणजे वरच्या टप्प्यातल्या घराला गॅस थोडा स्वस्त आणि पहिल्या टप्प्यातच राहणाऱ्या घराला वीज स्वस्त. आपापले आकडे घालून प्रत्येकाने हे पडताळावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. गॅस गीझरला गॅस शेगडीपेक्षाही कमी लागतो; पण तो बंद न्हाणीघरात लावणे जिवावर बेतू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याची नळी आत आणावी.

सुतार आणि वखारवाले बंधू यांच्यासाठी जुना तांब्याचा बंब अजूनही उत्तम. कामातला ढलपा, तुकडे, भुसा यांत पाणी फुकट तापते. मात्र प्लायवुड, सनमायका किंवा रंग लावलेले लाकूड त्यात जाळू नये, धूर विषारी असतो. बंब रिकामा पेटवू नये, सांधे सुटतात.

इंधन कोणतेही असो, पहिली बचत पाण्यातच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे सुमारे पाऊण लिटर, साअ म्हणजे सुमारे तीन लिटर. आपण तिथवर पोहोचलो नाही तरी २० लिटरांऐवजी १२ लिटरांत अंघोळ नीट होते आणि खर्च ४० टक्क्यांनी उतरतो. वुजूची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. गीझर गच्चीवर आणि नळ खाली असेल, तर दहा मीटर नळीत पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी असते. गरम पाणी नळापर्यंत येईस्तोवर वुजू गार पाण्यानेच उरकते, आणि आलेले गरम पाणी नळीत थंड होते! त्यापेक्षा शेगडीवर एक तपेली तापवून लोट्याने वुजू करणे किती तरी स्वस्त. मशिदींच्या विश्वस्तांनीही लांबच लांब नळ्यांचा हा विचार करावा, कारण ते बिल जमाअतच्या पैशातून जाते.

गीझर असेल तर त्याचा काटा ५० अंशांवर ठेवावा आणि अंघोळी लागोपाठ उरकून तो बंद करावा. दिवसभर चालू ठेवलेली १५ लिटरची टाकी पाणी न वापरताही पाव ते अर्धे युनिट खाते.

राहिला सौर बंब. विक्रेता सांगतो, दोन वर्षांत पैसे वसूल. तो वर्षभर रोज पूर्ण पाणी वापरले जाईल असे धरतो. वर उल्लेखलेले घर बाराही महिने गरम पाणी घेत असेल आणि ढगाळ दिवस वगळून नऊ महिने ऊन मिळाले, तर वर्षाला सुमारे ९,४०० रुपये वाचतील. २५,००० रुपयांचा बंब पावणेतीन वर्षांत फिटेल. पण तेच घर फक्त थंडीचे चार महिने गरम पाणी घेत असेल तर बचत ४,२०० रुपयेच आणि वसुलीला सहा वर्षे. व्याजी हप्त्यावर घेतला तर व्याजाचे पाप पदरी पडतेच, शिवाय बचतही त्यातच जाते. भिशीतून घ्यावा, नाहीतर दुकानदाराशी एकच ठाम किंमत ठरवून ती हप्त्यांनी फेडावी. उशीर झाला म्हणून रक्कम वाढणार नाही हे आधीच लिहून घ्यावे.

बोअरचे पाणी जड असेल तर विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला ते दाखवावे. क्षार साठून नळ्या बुजतात. त्या साफ कोण करणार, किती पैशांत, हे पावतीवर घ्यावे. भाड्याच्या घरात किंवा सामाईक गच्चीवर बसवायचा असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्यावी.