टोमॅटोला शेणखत की गोणीतले खत?

नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, टोमॅटोवाल्यांत दोन पक्ष हमखास भेटतात. एकाच्या मते रासायनिक खत म्हणजे विष. दुसऱ्याच्या मते शेणखतावर कधी कॅरेट भरत नाहीत.

पहिल्या पक्षाने एवढे लक्षात घ्यावे, की नत्र शेणातून आले की गोणीतून, हे मुळांना कळत नाही. दोन्हीकडचे नत्र ती मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच घेतात.

पण 'भरपूर शेणखत टाकले, आता काही नको' हेही हिशेबात बसत नाही. टनभर शेणखतात नत्र साधारण ५ किलो, आणि तेही एका हंगामात पुरते हाती लागत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते जवळपास २१ किलो असते. मग शेणखत कशाला? जमीन भुसभुशीत राहावी, तिने ओल धरावी, जिवाणू जगावेत म्हणून. ते काम युरियाला जन्मात जमणार नाही. फक्त खत कुजलेले हवे. ताज्या शेणाबरोबर तणाचे बी आणि हुमणी फुकट येते.

युरिया वाढवला की माल वाढतो, हाही भ्रमच. झाड माजते, फळधारणा मागे पडते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग दिसला की बुरशीनाशकाच्या फवारण्या सुरू होतात. मुळात ही बुरशी नव्हे. फळाला कॅल्शियम पोहोचलेले नसते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियमची ददात नसते, तरी डाग पडतो. कारण कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते, आणि पाणी ओढण्यात पाने फळांच्या कितीतरी पुढे असतात. चार दिवस कोरडे ठेवून मग एकदम पाणी सोडले की फळ उपाशी राहते. अमोनियमचे नत्र जास्त झाले तरी तेच. म्हणून आधी पाण्याची पाळी सुधारा. कॅल्शियम नायट्रेट ठिबकातून द्यायचेच असेल, तर ते स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत कालवू नका. साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात.

लागवडीआधी माती तपासून घ्या. अहवालात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसला, तर गोण्या वाढवण्याआधी शेणखताची ट्रॉली मागवा.