आधी कान, मग जीभ : नातवंडांशी बोलण्याचे खेळ

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांची कामे चालतात. मुलगा पहिल्या पाळीला, सून सांगलीला नोकरीवर आणि दोन-अडीच वर्षांचे मूल दिवसभर आजी-आजोबांच्या स्वाधीन, अशी व्यवस्था येथील कित्येक घरांत आहे. त्यामुळे मुलाच्या बोलण्याविषयीची काळजी दवाखान्यात बहुधा आजीच घेऊन येते. ‘‘डॉक्टर, दोन वर्षे पूर्ण झाली, अजून चार शब्दांपलीकडे काही बोलत नाही. कळते मात्र सगळे.’’ घरातील निदानही तयारच असते. याचा बापही उशिराच बोलला, जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवले की मोकळी होईल.

वाचकहो, यातील वेखंडाविषयी आधी सांगतो. वेखंडाने वा मधाने वाचा फुटत नाही आणि एक वर्षाखालील बाळाला मध देणे तर धोक्याचे आहे. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास काही अक्षरांचे उच्चार बिघडू शकतात, पण मूल शब्दच बोलत नाही याचे कारण तेथे सापडत नाही. मूल भाषा शिकते ती कानांनी, समोरच्या माणसाचा चेहरा पाहत आणि त्याच्याशी देवाणघेवाण करीत.

या देवाणघेवाणीचे मोल दाखविणारा एक प्रयोग अमेरिकेतील पॅट्रिशिया कुल या संशोधिकेने २००३ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकविण्यात आली. ज्या बाळांशी प्रत्यक्ष माणूस बोलला, खेळला, ती चिनी भाषेतील ध्वनी वेगळे ओळखू लागली. ज्यांना तीच भाषा केवळ दूरचित्रवाणीवर किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकवली, ती काहीच शिकली नाहीत. जेवताना हाती मोबाइल दिलेले मूल गाणी ऐकते, इंग्रजी रंगांची नावेही घडाघडा म्हणते, परंतु तहान लागली की बोट धरून माठाकडे ओढत नेते. त्याचे मर्म या प्रयोगात आहे. पडदा उत्तराची वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये, असे म्हटले आहे.

मग दिवसभर करायचे काय? गुडघे दुखत असताना मुलामागे धावणे आपल्याला शक्य नसते, हे मी जाणतो. सुदैवाने बोलण्याचे बहुतेक खेळ बैठे आहेत आणि त्यांना विकतचे साहित्य लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर वाढले. त्यांनी आदिवासी मुलांसाठी खडे, बिया, शिंपले, पाने असेच साहित्य वापरले. आपल्या स्वयंपाकघरात तर त्याहून कितीतरी अधिक वस्तू आहेत.

वर्षाच्या आतील बाळासाठी पदराआडून ‘बुवा कुक’ आणि तळहातावरची आपडी-थापडी पुरेशी आहे. आपण थांबलो की बाळ हात पुढे करते किंवा हुंकार देते. संभाषणातील आपली पाळी त्याने तेथे प्रथम घेतलेली असते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला भाजी निवडताना जवळ बसवावे आणि ‘लसूण दे’, ‘मोठी वाटी दे’ अशी लहानलहान कामे सांगावीत. त्याने केळ्याकडे बोट दाखविताच केळे सोलून हातात देण्याची घाई करू नये. ‘केळे हवे की बिस्कीट?’ असे विचारून मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. वाट पाहणे आजी-आजोबांना सर्वांत अवघड जाते, असा माझा अनुभव आहे. नातवाच्या मनातले ओळखण्यात आपण इतके तरबेज असतो की त्याला तोंड उघडण्याची गरजच उरत नाही. पाच अंकांनंतरही तो काही बोलला नाही, तर आपण ‘केळे’ म्हणावे आणि केळे द्यावे. हट्टाने वदवून घेऊ नये. खेळाची शिकवणी झाली की मुले उठून जातात.

अडीच-तीन वर्षांसाठी माझा आवडता खेळ ‘चिमणी उड, कावळा उड’. सर्वांनी जमिनीवर बोट टेकवायचे, उडणाऱ्याचे नाव आले तरच ते वर न्यायचे. ‘म्हैस उड’ म्हटल्यावर आजोबांचेच बोट वर गेले की मुलांच्या हसण्याला पार राहत नाही. या खेळात शब्द शेवटपर्यंत ऐकावा लागतो, त्याचा अर्थ मनात जुळवावा लागतो आणि उतावळ्या हाताला आवर घालावा लागतो. दोन-चार दिवसांनी राज्य मुलाकडे द्यावे. मग प्राण्या-पक्ष्यांची नावे त्यालाच आठवून उच्चारावी लागतात. अशीच कापडी पिशवीची गंमत आहे. पिशवीत चमचा, बटाटा, कंगवा, किल्ली घालून न पाहता हाताने चाचपायचे आणि ‘गार आहे’, ‘दाते आहेत’ असे वर्णन करायचे; दुसऱ्याने वस्तू ओळखायची. मूल ‘काऊ उला’ म्हणाले तर ‘असे नाही, नीट बोल’ म्हणू नये. ‘हो, कावळा उडाला, झाडावर बसला,’ एवढे म्हणावे. शुद्ध रूप त्याच्या कानी पडते आणि मानही राहतो.

चार वर्षांनंतर भातुकली, दुकान-दुकान, कोडी, कानगोष्टी असे सारेच मोकळे होते. साखळीचा खेळ या वयात रंगतो. ‘मी गणपती पेठेत गेलो आणि हळद आणली.’ पुढच्याने हळदीत गूळ मिळवायचा, त्यापुढच्याने बेदाणे. सातव्या-आठव्या वस्तूला आजोबा अडखळतात आणि नात जिंकते. शाळकरी मुलांसाठी गावांच्या भेंड्या आणि नाव-गाव-फळ-फूल आहेतच, त्यांविषयी मी आपणांस काय सांगावे!

भाषा कोणती, हा प्रश्न हल्ली घरोघरी वाद घालतो. नातू इंग्रजी शाळेत जाणार म्हणून सून सासूबाईंना ‘ॲपल’ म्हणायला लावते. आपल्या भागात काहींची आजी कन्नड बोलते, तर शेजारी हिंदी. दोन भाषा कानी पडल्याने मूल बोलायचे थांबत नाही. ज्या भाषेत आपल्याला गोष्ट सांगता येते, रागावता येते, लाड करता येतात, त्याच भाषेत आपण बोलावे. तुटक इंग्रजीतील दहा शब्दांपेक्षा भरघोस मराठी किंवा कन्नड मुलाच्या अधिक कामी येते.

मात्र खेळ हा प्रत्येक अडचणीवरचा उपाय नव्हे. मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवून काही सांगत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचे होऊनही ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जुळवत नाही, तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्याला बहुतांशी कळत नाही, किंवा कोणत्याही वयात, आलेले शब्द नाहीसे झाले, यांपैकी एक गोष्ट जरी दिसली तरी खेळ चालू ठेवून डॉक्टरांकडे जावे. ‘बापही उशिरा बोलला’ म्हणून वर्ष घालवू नये. पहिली तपासणी कानांची असते. ‘दार आपटले की दचकतो, म्हणजे ऐकू येते,’ हा तर्क फसवा आहे. मोठा, जाड आवाज ऐकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी निसटू शकतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकणे कमीजास्त होत राहते. त्यावर उपचार आहेत. कानात तेल ओतू नये, काडी घालू नये. श्रवणाच्या ‘बेरा’ तपासणीत बाळाला उत्तर द्यावे लागत नाही, ते झोपलेले असतानाच ती होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा मोफत तपासते. ते केव्हा येणार, हे अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवावे.

तोतरेपणाची भीतीही अनेकांना वाटते. दोन ते पाच वर्षांत विचार पुढे आणि शब्द मागे राहिल्याने मुले अडखळतात. त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये, ‘सावकाश बोल’ असेही बजावू नये. स्वतःच सावकाश बोलावे. सहा महिन्यांहून अधिक काळ अडखळणे टिकले, किंवा बोलताना मूल डोळे मिटून, मान ताणून झगडू लागले, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे.

आता थोडे आपल्या कानांविषयी. वय वाढते तसे प्रथम कमी होतात ते उंच पट्टीचे आवाज, आणि मुलांचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो. नातवाने तीनदा हाक मारली आणि आजोबांनी ‘हं’ म्हणून पान उलटले, की चौथ्यांदा तो हाक मारीत नाही. आपल्याला टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर आपलीही श्रवणचाचणी करून घ्यावी आणि यंत्र मिळाले असेल तर ते कपाटात न ठेवता खेळायला बसताना लावावे. खेळताना टीव्ही आणि मिक्सर बंद असावेत, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे, आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. जमिनीवर बसणे जमत नसेल, तर आपण खुर्चीत बसून त्याला समोरच्या उंच पाटावर किंवा पलंगावर बसवावे. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटे, एवढ्याने सुरुवात होते.