नवशिक्यानें व्यायामशाळा कशी निवडावी?

शरीर कमवावें ही इच्छा आतां केवळ तरुणांपुरती उरलेली नाहीं. डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेचा आंकडा पाहून कपाळास आठ्या घातल्या म्हणजे चाळिशी उलटलेल्या गृहस्थास व्यायामाची आठवण होते. बाळंतपणानंतर कंबर धरूं लागली म्हणजे सुनेस होते. आणि मित्रांचीं छायाचित्रें पाहून कॉलेजांतील मुलास तर ती रोजच होते. मग प्रश्न पडतो, जावें कोठें? पूर्वीं पेठेंत एक तालीम असे, आणि वस्ताद सांगेल तें मुकाट्यानें करावयाचें असे. निवड करण्याचा प्रसंगच येत नसे. आज एकाच रस्त्यावर दोन-तीन जिम असतात, शेजारीं योगवर्ग असतो, आणि मोबाइलवर शिकविणारे निराळेच. या गर्दींत नवशिका गोंधळतो व ज्याची पाटी मोठी त्याच्या दारांत जाऊन उभा राहतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, व्यायामशाळेची परीक्षा तेथील यंत्रांवरून होत नाहीं. ती आपल्या हजेरीवरून होते. आम्हीं जन्मभर शाळेंत हजेरीपट भरला. हुशार पण अनियमित मुलापेक्षां मध्यम बुद्धीचा परंतु रोज येणारा मुलगा पुढें जातो, हें त्या पटावर सहज दिसे. व्यायामाचेंही तसेंच आहे. ज्या ठिकाणीं आपण सहा महिन्यांनंतरही जात राहूं, तें ठिकाण आपल्यासाठीं उत्तम. मग तेथें आरसे असोत वा नसोत.

प्रथम पैशाचा विचार करूं. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर मोठी सूट, असें बहुतेक ठिकाणीं सांगतात. हा सौदा कसा अंगावर येतो, याचा शोध स्टेफानो डेलाविन्या व उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत घेतला. तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासून त्यांनीं २००६ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. दरमहा ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यांतून सरासरीनें केवळ ४.३ वेळां आले. म्हणजे एका खेपेस त्यांना १७ डॉलरांहून अधिक पडले. त्याच ठिकाणीं दहा खेपांचा पास घेतला असतां एका खेपेचे १० डॉलरच पडले असते! ही माणसें मूर्ख नव्हतीं. उद्यांचा आपण आजच्यापेक्षां अधिक उद्योगी असेल, असें प्रत्येकास वाटतें, एवढेंच.

हाच हिशेब आपल्या घरीं मांडून पाहावा. समजा, वर्षाची वर्गणी १२,००० रुपये आहे. आठवड्यांतून तीनदां नेमानें गेल्यास सुमारें १५० खेपा होतील व खेपेस ८० रुपये पडतील. दोन महिन्यांत उत्साह मावळून २५ खेपांवर गाडी थांबली, तर एका खेपेस ४८० रुपये! म्हणून नवशिक्यानें पहिल्यानें एकाच महिन्याची वर्गणी भरावी. ती दरानें थोडी महाग पडेल. पण स्वतःची पारख करून घेण्याचें तें मोल आहे. शिवाय, आपण ज्या वेळीं जाणार त्याच वेळीं एकदां जाऊन पाहावें. दुपारीं ओस पडलेली जागा सायंकाळीं सातास एवढी भरलेली असते कीं, यंत्रासाठीं रांग लावावी लागते.

पैशानंतर वेळेचा प्रश्न, आणि एकत्र कुटुंबांत तो पैशाहूनही अवघड. पुरुष सकाळीं उठून व्यायामास निघून जातो, तेव्हां दूध, डबे, मुलांची आंघोळ आणि वडिलांचें औषध कोणी तरी सांभाळीत असतें. तोच तास सुनेनें मागितला म्हणजे मात्र घरांत शांतता पसरते. तिला कोणी नको म्हणत नाहीं. पण तिच्या वांट्याचें काम उचलावयासही कोणी पुढें होत नाहीं. मग आठ दिवसांत तिचें जाणें आपोआप बंद पडतें, आणि "तिलाच चिकाटी नाहीं" असा शेरा आपण मारून मोकळे होतों. हा शेरा अन्यायाचा आहे. वर्गणी भरण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून, कोण कोणत्या वारीं जाणार व त्या वेळीं त्याचें काम कोण पाहणार, हें ठरवावें. सासूबाईंनीं आठवड्यांतून तीन सकाळीं नातवंडांचें पाहिलें आणि मुलानें आपला डबा आपण भरला, तर त्याची किंमत कोणत्याही यंत्राहून अधिक आहे. व्यायामशाळाही घरापासून पायीं दहा-पंधरा मिनिटांच्या आंत असावी. दूरच्या जागेला पावसाळ्याचें निमित्त लागलीच सांपडतें.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. चांगला शिक्षक वजन हातीं देण्यापूर्वीं प्रश्न विचारतो: वय काय, रक्तदाब आहे काय, मधुमेह, दमा, जुनी दुखापत, शस्त्रक्रिया कांहीं झाली आहे काय? छातींत दुखणें, चक्कर येणें किंवा हृदयाचा विकार असल्यास तो आधीं डॉक्टरांकडे धाडतो. जो कांहींएक न विचारतां पहिल्याच दिवशीं घामाघूम करून सोडतो, त्याला नमस्कार करून परत यावें. एकदम अतिश्रम केल्यानें स्नायूंचे तंतु मोडून त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरतात व मूत्रपिंडास अपाय होऊं शकतो. लघवीचा रंग गडद तांबूस झाला व अंग असह्य दुखूं लागलें, तर विनाविलंब रुग्णालय गांठावें.

या बाबतींत आपल्या आयुर्वेदकारांनीं सांगून ठेवलेलें माप अद्यापि उपयोगी आहे. सुश्रुत व वाग्भट या दोघांनींही आपल्या शक्तीच्या अर्ध्यानेंच व्यायाम करावा असें म्हटलें आहे; आणि श्वास तोंडावाटे येऊं लागणें ही त्या अर्ध्या शक्तीची खूण सुश्रुतसंहितेंत दिली आहे. आधुनिक शिक्षक हेंच निराळ्या रीतीनें सांगतात: मध्यम व्यायाम करतांना माणसास बोलतां यावें, पण गातां येऊं नये.

आतां कार्यक्रम किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेलें प्रमाण असें: प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटें जोराचा व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढील मंडळींनीं आठवड्यांतून तीन दिवस तोल सांभाळण्याचेही प्रकार करावे, कारण त्या वयांत पडणें हें मोठें संकट असतें. ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल हवी. वजनें उचलणाऱ्या नवशिक्यानें ८ ते १२ वेळां नीट उचलतां येईल एवढेंच वजन घ्यावें, तें काम आठवड्यांतून दोन-तीन दिवस करावें व मध्यें एक दिवस विसांवा द्यावा. ठरलेल्या संख्येहून एक-दोन वेळां अधिक सहज होऊं लागलें, म्हणजे वजन शेंकडा २ ते १० एवढें वाढवावें. त्याहून घाई करूं नये. पहिल्या कांहीं आठवड्यांत बळ वाढतें पण दंड वाढत नाहींत. कारण त्या काळांत मुख्यतः मज्जातंतु स्नायूंस नीट हांकावयास शिकत असतात. आरशांत फरक दिसला नाहीं म्हणून निराश होऊं नये.

डबाबंद प्रथिनांची पूड घेण्याचा आग्रह जेथें होईल तेथें सावध असावें. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें प्रौढास शरीराच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें रोज पुरतात. साठ किलोच्या माणसास हे सुमारें ५० ग्रॅम झाले. डाळ, उसळ, दूध, दहीं व शेंगदाणे यांतून ते नीट योजल्यास मिळतात. २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनांत तर अशा पुडी टाळाव्या असेंच या संस्थांनीं सुचविलें आहे.

ज्यांस जिम परवडत नाहीं वा मानवत नाहीं, त्यांनीं खट्टू होऊं नये. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो याच विचारानें, कीं त्यास सतरंजीएवढी जागा पुरते. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं मल्लखांबादि देशी खेळ जगास दाखविले. पुण्यांत महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालीं स्थापन झालें. या संस्था उभ्या राहिल्या त्या मुख्यतः रोज येणाऱ्या माणसांच्या बळावर. झपझप चालणें, जोर, बैठका आणि नमस्कार यांवर आजही पुष्कळ साधतें. मात्र नमस्कार असो वा वजन, आरंभीं जाणत्याच्या नजरेखालीं शिकावें.

शेवटीं एक सूचना. स्वयंपाकघराच्या दारामागें एक साधें कॅलेंडर टांगावें आणि व्यायाम करून आलेल्या प्रत्येकानें आपल्या नांवापुढें त्या दिवशीं एक फुली करावी. आजोबांनीं, मुलानें आणि सुनेनेंही. तीन महिन्यांनीं त्या फुल्या मोजाव्या. ज्याच्या भरपूर असतील त्यानें खुशाल वर्षाची वर्गणी भरावी. ज्याच्या विरळ असतील त्यास बोल लावण्यापूर्वीं घरानें एवढेंच पाहावें, कीं त्याला, किंवा तिला, तो तास आपण खरोखर दिला होता काय?