जामखेडच्या बायकांचा दवाखाना

छत्रपती संभाजीनगरहून नगरच्या रस्त्याला लागलं की वाळूज, कायगाव टोका, नेवासा फाटा ही ओळखीची नावं मागे पडत जातात आणि घोडेगावच्या अलीकडे वडाळा बहिरोबा येतं. शनिशिंगणापूरच्या ओढीने निघालेल्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. पण मराठी ख्रिस्ती माणसाला हे गाव चांगलं ठाऊक असतं. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकातच इथे ठाण मांडलं होतं. सॅम्युएल फेअरबँक नावाचे मिशनरी वडाळ्याला राहत, शाळा चालवत, शेतीत लक्ष घालत. त्यांना पक्षी गोळा करण्याचाही नाद होता, इतका की दक्षिणेतल्या डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहेत. पुढे याच गावात मिशनचं हॉस्पिटल आलं आणि त्या हॉस्पिटलात १९६०च्या दशकात एक डॉक्टर जोडपं आलं.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. जन्म १९३४ चा, सुप्याचा, आईवडील दोघेही शिक्षक. मेबल इमॅन्युएल जबलपुरात वाढलेल्या, तिथल्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कन्या. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. १९६० साली लग्न झालं त्याच दिवशी दोघांनी देवासमोर ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या, कोणी विचारत नाही अशा माणसांसाठी घालवायचं. अशा शपथा लग्नाच्या मांडवात पुष्कळ घेतल्या जातात. या दोघांनी ती पाळली, आणि ती पाळताना चांगलं चाललेलं हॉस्पिटल सोडायची पाळी त्यांच्यावर आली.

वडाळ्याला रोग्यांचा तोटा नव्हता. हगवणीने सुकलेली मुलं, गोवर, धनुर्वाताने आखडलेली तान्ही बाळं, अडलेल्या बाळंतिणी. डॉक्टर उपचार करायचे, मूल बरं होऊन घरी जायचं, तेच गढूळ पाणी प्यायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा त्याच खाटेवर यायचं. यातले बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते, हे दोघांना कळायला फार दिवस लागले नाहीत. शिवाय जे हॉस्पिटलपर्यंत पोचत होते ते तरी जरा बऱ्या परिस्थितीतले. ज्यांच्यासाठी शपथ घेतली होती ते गावाबाहेरच्या वस्तीतच मरत होते.

इथे थोडं मागे जायला हवं. मराठवाड्यात आणि नगरकडे ख्रिस्ती सेवेला एक ठरलेलं रूप आलं होतं. जालना पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. तिथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६०च्या दशकात काम उभं केलं. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा केवढा गहजब झाला होता! जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी 'बेथेल' नावाचं गावच वसवलं. बहुतेक मांग समाजातून आलेल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांना हक्काची जागा, शाळा आणि काम देणारं गाव. त्या काळात त्याहून धाडसी काही सुचणं अवघड होतं. जुन्या गावात या माणसांना पाणवठ्याला हात लावायची सोय नव्हती, मग नवं गाव वसवणं हाच मार्ग. पण त्या रूपातच एक मर्यादा होती. मिशनचं कंपाउंड, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना हे सगळं गावापासून वेगळं. आत आला तो सुटला. बाहेरचं गाव होतं तसंच राहिलं.

ही अडचण एकट्या आरोळ्यांनाच दिसत होती असं नाही. १९६४ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनला चर्चच्या वैद्यकीय कामाबद्दल एक बैठक झाली. आजाऱ्याला बरं करणं हे हॉस्पिटलचं काम की साऱ्या मंडळीचं, असा प्रश्न तिथे पुढे आला. त्यातून १९६८ मध्ये जिनिव्हात ख्रिश्चन मेडिकल कमिशन उभं राहिलं. चर्चच्या आरोग्यकामाचा बहुतेक पैसा आणि माणूसबळ हॉस्पिटलांतच अडकून पडतं आणि आजूबाजूच्या लोकांचं आरोग्य काही सुधारत नाही, हे त्यांनी ताळेबंद मांडून दाखवलं. चर्चला स्वतःबद्दल हे ऐकवणं सोपं नव्हतं. याच सुमारास आरोळे दाम्पत्य अमेरिकेत होतं. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तिकडे जाऊन पुढचं वैद्यकीय शिक्षण, मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. तिथले त्यांचे शिक्षक कार्ल टेलर मसुरीला मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले, हिंदुस्थानचं खेडं पाहिलेले. परत कुठे जायचं याचा आराखडा बाल्टिमोरमध्येच तयार झाला आणि १९७० मध्ये दोघे जामखेडला उतरले.

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं मराठवाड्याकडचं टोक. पलीकडे बीड. अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यात, मराठे आणि निजाम १७९५ मध्ये जिथे भिडले तो खर्डाही इथलाच. इतिहास भरपूर, पाऊस नाही. दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या ऊसतोडीला निघायच्या आणि गावात म्हातारी माणसं उरायची. लोकांनी दवाखान्याला जनावरांच्या दवाखान्याची जुनी जागा देऊ केली. वेल्लोर आणि हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी तिथे बस्तान मांडलं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. अशा वेळी आरोग्याबद्दल कोण बोलणार? लोक म्हणाले, आधी पाणी, आधी खायला. आरोळ्यांनी ऐकलं. मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. धान्य बाहेरून आलं, पण सरपण, भांडी आणि राबणारे हात गावाचे. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसली, कारण उपाशी पोरांना वेगळी पंगत परवडणारी नव्हती. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा एक खोडी केली गेली, जी आरोळे स्वतःच पुढे सांगत. पाणी पाहणाऱ्या जाणकाराशी आधीच बोलून जागा दलित वस्तीत निघेल अशी व्यवस्था झाली. हातपंप तिथे बसला. उन्हाळ्यात गावाला तहान लागल्यावर पाटलाच्या घरची घागरही तिथेच आली. शहरातल्या व्याख्यानांनी जे होत नाही ते कधीकधी एका हातपंपाने होतं. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचा उपयोग झाला, खेळता खेळता तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली.

प्रकल्पाचं नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट असं लांबलचक. पण त्याचं खरं यंत्र सापडलं ते एका फसलेल्या बेतातून. सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत ठेवायचं ठरलं होतं. ते जमेना. परगावची एकटी तरुण बाई गावात राहायला कचरायची आणि गावही तिचं ऐकायचं नाही. तेव्हा गावातलीच बाई का घेत नाही, असं गावाकडूनच सुचवलं गेलं. गावातली बाई म्हणजे कोण? ज्या आल्या त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, बऱ्याचशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. डॉक्टरची मुख्य मदतनीस म्हणून यांना घ्यायचं हे ऐकून वैद्यकीय जगातल्या शहाण्यांनी भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही.

या बायका, म्हणजे ग्राम आरोग्य सेविका, दर आठवड्याला जामखेडला शिकायला यायच्या आणि मुक्कामी राहायच्या. पहिल्या रात्रीचा प्रश्न शरीरशास्त्राचा नव्हताच. कोण कोणाशेजारी झोपणार, कोण कोणाच्या हातचं खाणार, हा होता. सगळ्यांना पुरेल अशी एक मोठी गोधडी शिवली गेली आणि सगळ्या जणी तिच्याखाली झोपल्या. नगरकडच्या थंडीत गोधडीबाहेर राहून सोवळं पाळायचं म्हणजे तब्येतीचा प्रश्न!

मग शिकवणी. चट्टा दिसला तर बाईला डोळे मिटायला सांगायचं, पिसाने हलकेच स्पर्श करायचा आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला लावायचं. बोट चुकलं, चट्टा बधिर असला, तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची आणि दवाखान्यात आणायचं. हगवण लागलेल्या मुलाला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाळंतपणाला साबणाने हात, नवी पत्ती, उकळलेला दोरा, नाळेला शेण नाही की राख नाही. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून डोकं कुठे, पाय कुठे ते ओळखायचं आणि बाळ आडवं वाटलं तर वाट न बघता गाडी जोडायची. सगळ्यात अवघड होतं ते सासवांना वळवणं. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, पहिला चिक बाळाला द्यायचा नाही, अशा समजुती डॉक्टरने खोडल्या तर कोणी ऐकत नाही. शेजारच्या बाईने स्वतःच्या सुनेवर करून दाखवलं की ऐकतात.

मला या सगळ्यात ख्रिस्ती श्रद्धेचा भाग कुठे दिसतो? प्रकल्पाने धर्मांतर हे उद्दिष्ट ठेवलं नाही. सेविका आपापल्या घरच्या देवाच्याच राहिल्या. आरोळे मात्र आपण हे काम येशूचे अनुयायी म्हणून करतो हे कधी लपवत नव्हते. अन्नदान, औषधदान, रुग्णसेवा यांत देणाऱ्याचा हात वर राहतो, आणि आपल्या समाजाला ते बघायची सवयच आहे. जामखेडला डॉक्टरांनी जे दिलं ते त्यांचं गुपित होतं. निदान करायचं कसब, औषध कधी द्यायचं आणि कधी नाही हे ठरवायचा अधिकार. वैद्यकीच्या धंद्यात हे कोणी सहजासहजी हातचं सोडत नाही. पैसा एकवेळ सोडतील. शुभवर्तमानात गुरू शिष्यांचे पाय धुतो ती कथा प्रत्येक गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी वाचली जाते. आरोळ्यांनी तिचा जो अर्थ लावला तो मला मिशनच्या कित्येक संगमरवरी पाट्यांपेक्षा खोल वाटतो.

जगाने दखल घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हेल्थ बाय द पीपल' या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. १९७८ च्या आल्मा-आताच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेची जी भाषा आली तिच्यामागे जगभरातले असे मोजके प्रयोग होते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. पण मला जास्त आवडतो तो मुक्ताबाई पोळ यांचा प्रसंग. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत या ग्राम आरोग्य सेविका उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर आणि महाग, त्यांना बघायला लांबून यावं लागतं. आम्ही पणत्या, साध्या आणि स्वस्त, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. टाळ्या वाजल्या त्या झुंबरांनीच वाजवल्या, हे विसरू नये.

आकड्यांचं काय? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळं पहिल्या वर्षात दगावत होती, १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. यातलं श्रेय कोणाचं किती, हा प्रश्न रास्त आहे. त्याच काळात रस्ते आले, लसी आल्या, महाराष्ट्रभर बालमृत्यू घटले. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रकल्पाची गावं आणि भोवतालची गावं यांची तुलना केली. पहिला महिना पार केलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आतला मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यात मात्र तसा ठोस फरक आढळला नाही. म्हणजे कमी दिवसांचं, अगदी लहान चणीचं बाळ जगवायला पणती पुरत नाही, तिथे झुंबरही लागतं. आरोळ्यांनी ते नाकारलं नव्हतं. जामखेडला त्यांचं स्वस्तातलं हॉस्पिटल होतंच आणि सिझेरियनही व्हायची.

मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम पुढच्या पिढीने, मुलगी शोभा आणि मुलगा रवी यांनी सांभाळलं. आजारही बदलले. एके काळी हगवण आणि कुष्ठरोग शोधणाऱ्या बायकांच्या वाट्याला आता रक्तदाब आणि साखर आली.

२००५ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्ती आणली तेव्हा तिच्या मुळाशी जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. गावातलीच बाई, घरोघर जाणारी, ही कल्पना घेतली गेली. पण दर आठवड्याला परत बोलावून वर्षानुवर्षं शिकवत राहणं मागे पडलं, आणि तिच्या हाती नोंदींचे कागद आले. प्रत्येक लसीमागे, प्रत्येक बाळंतपणामागे ठरावीक रुपये असा हिशेब आला. जामखेडच्या सेविकांना पगार नव्हता हे खरं. तिथे तुटपुंजं मानधन आणि जोडीला शेळी, किरकोळ विक्री असा जोडधंदा उभा करून द्यायची पद्धत होती. हे उदाहरण दाखवून आशांचं मानधन रोखणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जामखेडला आठवड्याच्या वर्गात सेविका डॉक्टरांशी वाद घालू शकत होत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा सरकारशी बोलायला आझाद मैदानावर रात्रंदिवस बसल्या होत्या.