कारण वेगळं, दोष वेगळा

मंडळी, मागच्या वेळी आपण कार्यकारणभावापाशी थांबलो होतो. आज उदाहरण घरातलंच घेऊ. आमची नात तीन महिन्यांची असताना दूध पाजलं की ओकायची, अंग ताठ करून रडायची. एकदा शीमध्ये रक्ताचे धागे दिसले. घरात निदान तयार: ‘आईचं दूध बाधतंय.’ सून बिचारी गप्प.

आता बघा, इथे गल्लत होते. दूध वर येणं, म्हणजे रिफ्लक्स, बहुतेक तान्ह्यांना असतंच. अन्ननलिकेच्या तळाची झडप कच्ची असते. वर्षाच्या आसपास ते थांबतं. अ‍ॅलर्जी असते गाईच्या दुधातल्या प्रथिनांची. आईने खाल्लेल्या दही-पनीरातून ती अंगावरच्या दुधात उतरतात. शेळीचं किंवा म्हशीचं दूध हा उपाय नव्हे. प्रथिनं बरीचशी सारखीच.

मग ठरवायचं कसं? नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक! डॉक्टर म्हणाले: अंगावर पाजणं चालू ठेवा, आईने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ सोडा, मग आमच्या सल्ल्याने पुन्हा खाऊन बघा. सोडल्यावर त्रास थांबला, ही अर्धीच सिद्धता. तो वयानेही थांबतो. पुन्हा खाल्ल्यावर परतला, तेव्हा कारण ठरलं.

मात्र हिरवी उलटी, शीत रक्त, वजन न वाढणं दिसलं, तर तर्क करत बसू नये, डॉक्टर गाठावा.

कारण ताटातल्या दह्यात होतं, आईत दोष नव्हता. कारण शोधता शोधता आपण दोषी शोधू लागतो. आम्हीही तेच केलं होतं.